पुण्याचं लायसन्स, मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट आणि हातात उरलेले पाच महिने

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलात. पुण्यात चौदा वर्षं गाडी चालवलेली. इथे भारतीय लायसन्सवर सेकंडहँड गाडी घेतली, विमा मिळाला, सात महिने बिनबोभाट गेले. आता ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की हे एका वर्षापुरतंच चालतं. म्हणून तुम्ही विचारताय: भारतीय लायसन्स इथल्या लायसन्सशी बदलून मिळतं का? नाताळच्या सुट्टीत पुण्याला जाऊन आलं की वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजतात का? इंटरनॅशनल परमिट काढलं तर मुदत वाढते का? आणि टेस्ट द्यावीच लागली तर इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्याला किती तास शिकावं लागेल? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की लग्नाआधी पत्नी दुबईत होती, तिच्याकडे तिथलं लायसन्स आहे, आणि 'तिचं तर त्याहून अवघड असेल'.

पहिल्या तिन्हींचं उत्तर 'नाही'. चौथ्याचं उत्तर बरंचसं तुमच्या हाता-पायांच्या सवयींवर अवलंबून आहे. आणि पत्नीबद्दलचा अंदाज नेमका उलटा आहे, त्याकडे येतोच.

मी सांगलीचा. रेडिंगला राहतो आणि गेली चौदा वर्षं लोकांना गाडी शिकवतो. पुढच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बॅज लावलेली गाडी दिसली की समजायचं आत पूर्ण नोंदणी झालेला इन्स्ट्रक्टर आहे. गुलाबी त्रिकोण असेल तर तो अजून उमेदवारीत आहे. (शिकवणी लावताना हे बघून घ्या, दोघांचा तासाचा दर बऱ्याचदा सारखाच असतो.) माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मेअधिक लोक भारतातून गाडी चालवत आलेले असतात, त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न मी दर महिन्याला ऐकतो. खाली लिहितोय ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं. उत्तर आयर्लंडचं खातं वेगळं आहे.

आधी बदलून मिळण्याचं. ब्रिटनने काही देशांची यादी केलेली आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जपान, सिंगापूर, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, स्वित्झर्लंड वगैरे. अलीकडच्या काळात त्यात संयुक्त अरब अमिरातीचीही भर पडली. या देशांचं लायसन्स असेल तर इथे राहायला आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज आणि ४३ पौंड भरून ते बदलून मिळतं, टेस्ट नाही. भारत या यादीत नाही. बरेच जण वैतागून म्हणतात, 'आपणही डावीकडूनच चालवतो, स्टिअरिंगही उजवीकडेच, मग?' रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालवता याच्याशी त्या यादीचा काही संबंध नाही. त्या देशात लायसन्स देताना जी परीक्षा घेतात ती इथल्या परीक्षेच्या तोडीची आहे असं ब्रिटनने मान्य केलंय का, एवढाच मुद्दा. आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढून मिळवलेल्या लायसन्सबद्दल त्यांना काय वाटत असेल, ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

म्हणजे तुमच्या घरात गंमत अशी झालीय की पत्नीने दुबईत खरोखर टेस्ट देऊन लायसन्स मिळवलं असेल, तर तिचं बदलून मिळेल आणि तुमचं मिळणार नाही. अट एवढीच की ते लायसन्स दुसऱ्या कुठल्या देशाच्या लायसन्सवरून नुसतं बदलून घेतलेलं नसावं. आपल्या लोकांना दुबईत साधारणपणे टेस्ट द्यावीच लागते, त्यामुळे अडचण येऊ नये. तिथे टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली असेल तर इथलंही ऑटोमॅटिकचंच मिळेल. दुबईचं कार्ड मात्र इथे जमा होईल. आणि पाच वर्षं आहेत म्हणून निवांत बसू नका. ती पाच वर्षं अर्जासाठी आहेत. पहिले बारा महिने उलटल्यावर, नवं लायसन्स मिळेपर्यंत, तिलाही चालवता येणार नाही.

आता बारा महिन्यांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त दंतकथा इथेच आहेत. तुम्ही इथे रहिवासी झालात त्या दिवसापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. अर्थात लायसन्स वैध असेपर्यंतच. मधे त्याचीच मुदत संपली तर हा हक्कही तिथेच संपतो. पुण्याला तीन आठवडे जाऊन परत आलात म्हणून तुम्ही नव्याने रहिवासी होत नाही. तुमचं घर, नोकरी, बँक, डॉक्टर सगळं इथेच आहे, तुम्ही फक्त सुट्टीवर गेला होतात. 'माझ्या मित्राने तसंच केलं आणि त्याला कुणी विचारलं नाही' असं सांगणारे भेटतील. त्या मित्राला अजून अपघात झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोंधळ होतो तो पाहुण्यांच्या नियमामुळे. तुमचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले तर त्यांचे बारा महिने त्या-त्या वेळी देशात शिरल्यापासून मोजतात, त्यामुळे दरवर्षी येणारे बाबा दरवर्षी भारतीय लायसन्सवर चालवू शकतात, विम्यात त्यांचं नाव घातलं की झालं. तोच नियम लोक स्वतःला लावून मोकळे होतात. तुमची खरी रहिवासाची तारीख कोणती, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून असतं. तुम्ही एप्रिलमध्ये थेट कामाच्या व्हिसावर आलात, घर घेतलंत, म्हणून तुमचं सरळ आहे. आधी कंपनीच्या कामासाठी दोन-तीन फेऱ्या पाहुणा म्हणून झाल्या असतील तर त्या मोजायच्या नाहीत. शंका असेल तिथे मी नेहमी अलीकडची नव्हे, आधीची तारीख धरायला सांगतो.

इंटरनॅशनल परमिट हे तुमच्या लायसन्सचं भाषांतर असतं, दुसरं काही नाही. आरटीओत हजार रुपये भरून वर्षभराचं पुस्तक मिळतं. आपली लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे ब्रिटनमध्ये त्याची तशीही फारशी गरज पडत नाही, भाड्याच्या गाडीचा काउंटर सोडला तर. त्याने बारा महिन्यांचा एक दिवससुद्धा वाढत नाही.

मग करायचं काय? आज रात्री जेवण झालं की डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर प्रोव्हिजनल (कच्च्या) लायसन्सचा अर्ज भरा. ऑनलाइन ३४ पौंड, टपालाने ४३. आल्याआल्या पहिल्याच आठवड्यात हे करायला हवं होतं. पण फार जण करत नाहीत, कारण त्यांना एक भीती असते: प्रोव्हिजनल काढलं की आपण शिकाऊ ठरू, गाडीला लाल 'एल' लावावा लागेल, शेजारी कुणीतरी बसवावं लागेल. तसं काही होत नाही. पहिल्या बारा महिन्यांत प्रोव्हिजनल कार्ड खिशात असलं तरी भारतीय लायसन्सचा हक्क शाबूत राहतो. एकट्याने चालवा, मोटरवेवर जा, 'एल' लावायची गरज नाही. शिवाय हे कार्ड ओळखपत्र म्हणून सगळीकडे चालतं. एक जोडमाहिती: कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांना मतदान करता येतं, आणि २०२३पासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. तिथेही प्रोव्हिजनल चालतं.

कार्ड आलं की थिअरी, म्हणजे संगणकावरची परीक्षा. २३ पौंड, दोन भाग. पहिल्यात ५० प्रश्न, ५७ मिनिटं, ४३ बरोबर हवेत. हा भाग आपली मंडळी अभ्यास करून काढतात, त्यात आपला हात कोण धरणार. दुसऱ्या भागात दांडी उडते. त्याला हॅझर्ड पर्सेप्शन म्हणतात. रस्त्यावरचे १४ छोटे व्हिडिओ दाखवतात. धोका आकाराला येऊ लागताना दिसला की माउस दाबायचा. लवकर ओळखला तर पाच गुण, उशीर झाला तसे कमी. चौदापैकी एकाच व्हिडिओत असे दोन धोके असतात, बाकीच्यांत एकेक, म्हणून एकूण ७५, त्यातले ४४ हवेत. पंधरा-वीस वर्षं लक्ष्मी रोडवरून गाडी काढलेल्या माणसाला त्या व्हिडिओत पावलापावलाला धोका दिसतो. पार्क केलेली गाडी, फुटपाथवरची बाई, कुत्रं, सायकल. तो दाबत सुटतो. संगणकाला वाटतं हा फसवायला बघतोय, आणि त्या व्हिडिओचे शून्य गुण देतो. माझ्याकडचे एक काका, भारतात पंचवीस वर्षं ट्रॅव्हल्स चालवलेले, याच भागात दोनदा नापास झाले. त्यांना मी एवढंच सांगितलं: ज्याच्यामुळे तुम्हाला खरोखर ब्रेक किंवा स्टिअरिंगला हात घालावा लागेल, तोच धोका. पार्क केलेली गाडी धोका नाही, तिचं दार उघडू लागलं की धोका. तिसऱ्यांदा पास झाले. ही टेस्ट फक्त इंग्रजी किंवा वेल्शमध्ये असते. इतर भाषांतला आवाज आणि दुभाषे २०१४ साली बंद झाले.

थिअरी पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख घेता येत नाही, आणि तुमचं गणित अवघड होतं ते इथे. बऱ्याच केंद्रांवर तारखा २४ आठवड्यांपर्यंत भरलेल्या दिसतात, म्हणजे पाच-साडेपाच महिने. आत्ता नोव्हेंबर सुरू झालाय. प्रोव्हिजनल यायला आणि थिअरी व्हायला महिना धरला तर डिसेंबर. तिथून पाच महिने म्हणजे मे. तुमचे बारा महिने एप्रिलच्या सुरुवातीला संपतात. खोटा धीर देत नाही, सरळ रांगेत उभं राहिलात तर चुकामूक होणार.

यावर उपाय एकच, चिकाटी. थिअरी पास झाल्या दिवशी मिळेल ती तारीख घेऊन ठेवा, मग रोज रद्द झालेल्या जागा बघत राहा. नव्या तारखा सोमवारी सकाळी सहाला खुल्या होतात. त्या दिवशी गजर लावा. मिल्टन कीन्सपुरतं बघू नका, बेडफर्ड, नॉर्थॅम्प्टन, ल्यूटन सगळं बघा. पण जिथे तारीख मिळेल त्या गावात निदान दोन-तीन तास गाडी फिरवलेली असली पाहिजे. दुसऱ्याची तारीख दोन-तीनशे पौंडांना विकणारे व्हॉट्सॲपवर सापडतील. माझ्या एका विद्यार्थ्याने असे पैसे दिले, समोरून लायसन्स नंबर मागितला तोही दिला, आणि ना तारीख मिळाली ना पैसे परत. अधिकृत फी कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ७५. याच्या वर कुणाला काही द्यायचं नाही. आणि तारीख बदलायची किंवा रद्द करायची तर पूर्ण दहा कामाचे दिवस आधी, नाहीतर फी बुडते. नाताळची तिकिटं काढताना हे डोक्यात ठेवा.

आता चौथा प्रश्न, किती तास. अगदी नवख्या मुलांना सरासरी ४५ तास शिकवणी आणि २२ तास घरचा सराव लागतो असं इथे सांगतात. तुमच्यासारख्यांना माझ्या अनुभवात सहा ते बारा तास पुरतात. पण सुरुवात मी नेहमी दोन तासांच्या एकाच फेरीने करतो आणि आकडा नंतर सांगतो. कारण वर्षांच्या अनुभवाचा आणि तासांचा उलटा संबंधही असू शकतो. नवख्याला एक गोष्ट एकदाच शिकवावी लागते. जुन्या ड्रायव्हरची आधीची काढून मग नवी बसवावी लागते. गाडी येते सगळ्यांना, परीक्षकाला काय दिसतं हे येत नाही.

परीक्षक शेजारी टॅब्लेट घेऊन बसतो. साधारण चाळीस मिनिटं. निघण्याआधी वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावतो. ती नाही वाचता आली तर टेस्ट तिथेच संपते. बारीक चुका पंधरापर्यंत माफ, सोळावी झाली की नापास. गंभीर किंवा धोकादायक चूक एकच पुरते. मी स्वतः पहिल्या टेस्टला सहाव्या मिनिटाला नापास झालो होतो, आणि उरलेली चौतीस मिनिटं मला ते माहीतच नव्हतं. छान चालवतोय अशा थाटात परत आलो. झालं होतं असं की डावीकडे वळताना त्या रस्त्याच्या तोंडाशी एक आजी उभ्या होत्या. मी त्यांच्या आधी वळून गेलो. सांगलीत हे मी सौजन्य समजलो असतो, पटकन वाट मोकळी करून दिली म्हणून. आता तर जानेवारी २०२२च्या बदलांनंतर हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, स्पष्टच लिहिलंय: तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला कुणी उभं असेल, तर थांबायचं तुम्ही.

आपल्या लोकांच्या नापास होण्यातलं सगळ्यात मोठं कारण आरसा आणि मान. आपण आवाजावर गाडी चालवतो. मागून कोण येतंय ते त्याचा हॉर्न सांगतो. इथे हॉर्न वाजत नाही, त्यामुळे बघावंच लागतं. दिशा बदलण्याआधी, वेग बदलण्याआधी, इंडिकेटर देण्याआधी आरसा. रस्त्याच्या कडेवरून निघताना मान वळवून ब्लाइंड स्पॉट. मागे घेताना पूर्ण मागच्या काचेतून बघायचं, कॅमेऱ्याचा पडदा मदतीला. पुण्यातले मुरलेले ड्रायव्हर मला म्हणतात, 'पण मला मागचं समजतं.' समजत असेलही. परीक्षकाला तुमची मान वळलेली दिसायला हवी.

दुसरं, न्यूट्रल. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल टाकणं, किंवा सिग्नल दिसला की लांबूनच क्लच दाबून घरंगळत जाणं ही आपली राष्ट्रीय सवय. इथे ती चूक म्हणून लिहिली जाते, कारण इंजिनाचा धरून ठेवणारा जोर सुटतो आणि ताबा कमी होतो. ही सवय पायात असते, डोक्यात नाही, म्हणून मोडायला सगळ्यात वेळ लागतो. माझ्या बारा तासांतले तीन बऱ्याचदा एकट्या डाव्या पायावर जातात.

तिसरं, अंतर. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद, पावसात चार. सिग्नलला उभं राहताना पुढच्या गाडीची चाकं आणि त्याखालचा थोडा डांबरी रस्ता दिसला पाहिजे. 'मधे कुणीतरी घुसेल' ही भीती इथे सोडून द्यायची. घुसला तर घुसला, तुम्ही पुन्हा दोन सेकंद मागे व्हा. सायकलवाल्याला ओलांडताना ताशी तीस मैलांपर्यंत दीड मीटर, त्यापुढे जास्त. तेवढी जागा नसेल तर त्याच्या मागे मुकाट्याने चालायचं.

चौथं ऐकून लोक चकित होतात: हळू चालवणं. लाखाची गोष्ट म्हणून सांगतो, वेगात चालवल्यामुळे नापास झालेले आपले लोक मी कमी पाहिलेत, घाबरून रेंगाळल्यामुळे झालेले जास्त. तुमच्या मिल्टन कीन्समध्ये तर हा मोठाच विषय. एच आणि व्ही नावाचे ते आडवे-उभे ग्रिड रस्ते, त्यांवर साठ-सत्तर मैलांची मर्यादा, आणि दर थोड्या अंतरावर राउंडअबाउट. साठ मैल म्हणजे जवळजवळ सत्त्याण्णव किलोमीटर. शहराच्या मधोमध त्या वेगाने जायचं हे पुणेकराच्या जिवावर येतं. रस्ता मोकळा, हवा कोरडी, आणि तुम्ही पस्तीसने चाललात, तर मागे रांग लागते आणि टॅब्लेटवर नोंद होते. तसंच राउंडअबाउटला. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. आपल्याकडे ज्याचं बोनेट पुढे त्याचा रस्ता, त्यामुळे नवीन आलेला माणूस एकतर घुसतो, नाहीतर इतका बिचकतो की उजवीकडे काळं कुत्रं नसतानाही थांबून राहतो. दोन्ही चूक. जवळ येतानाच उजवीकडे बघायला सुरुवात करायची, दुसऱ्या गिअरला यायचं, मोकळं असेल तर न थांबता आत शिरायचं. कोणत्या लेनमध्ये हवं हे रस्त्यावर रंगवलेलं असतं, ते आधीच वाचायचं. ऐनवेळी चुकीच्या लेनमध्ये सापडलात तर त्या लेनने जिकडे जाता येईल तिकडे जा. रस्ता चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत, लेन कापल्याबद्दल कापतात.

एक जाता जाता. भारतात समोरच्याने दिवा मारला की त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब'. इथे तोच दिवा बहुतेक वेळा 'तू ये, मी थांबतो' म्हणून मारतात. पुस्तकाप्रमाणे दोन्ही चूक, त्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच. पण हा फरक माहीत नसल्यामुळे अरुंद गल्लीत दोन सज्जन समोरासमोर किती वेळ उभे राहू शकतात, ते मी पाहिलंय.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. मॅन्युअलवर पास झालात तर दोन्ही चालवता येतात, ऑटोमॅटिकवर फक्त ऑटोमॅटिक. तुमचा डावा हात गिअरला सरावलेला आहे आणि इथेही गिअर डावीकडेच आहे, तेव्हा मॅन्युअल द्या असं माझं मत. पण तारखेचा ताण असेल, न्यूट्रलची सवय सुटत नसेल आणि पुढे इलेक्ट्रिक गाडीच घ्यायची असेल, तर ऑटोमॅटिक द्यायला लाजायचं कारण नाही.

समजा एप्रिल उजाडला आणि टेस्ट झालेली नाही, किंवा झाली आणि नापास झालात. नापास झाल्यावर पुढची टेस्ट किमान दहा कामाचे दिवस गेल्यावरच देता येते, आणि तारखेची मारामार पुन्हा आहेच. बारा महिने संपले त्या दिवसापासून तुम्ही कायद्याने शिकाऊ. गाडीला पुढे-मागे 'एल', आणि शेजारी २१ वर्षांवरचा, किमान तीन वर्षं इथलं किंवा युरोपीय संघातल्या देशाचं पूर्ण लायसन्स असलेला माणूस. पत्नीच्या दुबईच्या लायसन्सवर ती तुमच्या शेजारी बसून भागणार नाही. मोटरवे बंद, तिथे शिकाऊंना फक्त दुहेरी ब्रेकच्या गाडीत इन्स्ट्रक्टरबरोबर जाता येतं. आणि 'ऑफिसपर्यंतच तर जायचंय' म्हणून एकट्याने गाडी काढली तर प्रकरण लायसन्सपुरतं राहत नाही. तुमचा विमा परदेशी पूर्ण लायसन्स गृहीत धरून घेतलेला आहे. ते वैधच नसेल तर विमाही गेला असं धरतात. विना विमा गाडीला ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट (गुन्ह्याची नोंद म्हणून चढणारे दंडाचे गुण), पोलीस गाडी उचलून नेतात ते वेगळंच. कोर्टात गेलं तर आणखी वाढतं, आणि ही नोंद पुढची काही वर्षं विम्याच्या प्रत्येक हप्त्यात वसूल होते. म्हणून मार्चअखेरीलाच ऑफिसला जायची पर्यायी सोय लावून ठेवा. पत्नीचं लायसन्स बदलून घ्यायचा अर्ज आत्ताच केलात तर निदान घरात एक चालक राहील. तुमच्या घराच्या बाबतीत मला हे सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. टेस्टच्याही आधीचं.

पास झालात की परीक्षक प्रोव्हिजनल घेऊन पूर्ण लायसन्सची व्यवस्था परस्पर करतो. पासचा कागद हातात आला की त्याच क्षणापासून गाडी चालवता येते. विमा कंपनीला मात्र त्याच दिवशी फोन करून लायसन्सचा प्रकार बदलल्याचं कळवा. काही कंपन्या तुमची पुण्याची चौदा वर्षं मोजतात, काही तुम्हाला एका दिवसाचा ड्रायव्हर धरतात, म्हणून दोन-चार ठिकाणी भाव काढा. आणि पहिली दोन वर्षं जपून. १९९५च्या कायद्यानुसार या काळात सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा प्रोव्हिजनल, पुन्हा थिअरी, पुन्हा सगळं. गाडी चालवताना हातात फोन सापडला तर एका फटक्यात २०० पौंड आणि सहा पॉइंट. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक निरोप वाचण्यापायी वर्षभराची मेहनत जाऊ शकते. माझ्या एका विद्यार्थिनीचं असंच झालं, सिग्नलला उभी असताना.

भारतीय लायसन्सचं काय? तुमच्या बाबतीत ते कुणी जमा करून घेत नाही, कारण तुम्ही बदलून घेतलेलं नाही, नव्याने मिळवलंय. ते जपून ठेवा. पुण्याला गेल्यावर तेच कामाला येईल. त्याची मुदत आत्ताच बघा. मुदत संपून वर्षाहून जास्त काळ गेला तर आपल्याकडेही पुन्हा टेस्ट द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. नाताळात पुण्याला असाल तेव्हा परिवहनच्या सारथी पोर्टलवर तुमची नोंद दिसते का तेही पाहून घ्या. जुनी पुस्तकी किंवा लॅमिनेट केलेली लायसन्स कधीकधी तिथे चढवलेलीच नसतात, आणि ते काम इथून फोनवर होत नाही.

तर क्रम असा धरा: आज प्रोव्हिजनलचा अर्ज, त्याच बैठकीत पत्नीचा बदलीचा अर्ज. कार्ड आलं की थिअरी, जमल्यास पुण्याला जाण्याआधी. पास झालात त्या संध्याकाळी प्रॅक्टिकलची तारीख. जानेवारीत परत आलात की एखाद्या इन्स्ट्रक्टरबरोबर दोन तासांची एक फेरी मारा आणि त्याला आधीच सांगा, 'मला शिकवू नका, माझ्या चुका मोजा.' आणि टेस्टच्या दिवशी निघताना खिशात प्रोव्हिजनल कार्डच आहे ना, हे दोनदा तपासा. एक जण उत्साहात पुण्याचं स्मार्ट कार्ड घेऊन केंद्रावर हजर झाला होता. त्याला दारातूनच परत पाठवलं, फी गेली, आणि रेडिंगपर्यंतच्या परतीच्या वाटेवर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.